अब्बांच्या सायकलला मोटर: कंट्रोलर कोणता घ्यावा?

घरात सोळा-सतरा वर्षांचा मुलगा असेल आणि त्याला हाताने काही जोडण्या-खोलण्याची आवड असेल, तर हल्ली एक मागणी ठरलेली असते. जुन्या सायकलला मोटर बसवायची आहे, पैसे द्या. किटच्या पैशांची कशीबशी सोय होते आणि चार दिवसांनी दुसरी मागणी येते. किटसोबतचा कंट्रोलर साधा आहे, ‘प्रोग्रॅमेबल’ पाहिजे. अम्मीला त्यातले काही कळत नाही, अब्बांना वेळ नसतो आणि दुकानदार मुलाच्या बाजूने बोलतो. या महिन्याचे पान त्या अम्मींसाठी आहे. मुलांनीही वाचावे, पण आधी आईने वाचावे.

माझ्या आपांच्या घरी, कामठीला, हाच प्रश्न आला. दूल्हाभाई रोज सायकलने नागपुरात इतवारीला एका दुकानात हिशेब लिहायला येतात. एका बाजूचे अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास. वय पन्नाशीपुढे, गुडघे बोलू लागलेले. भाचा आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा कोर्स करतो. त्याने यादी करून आणली: ४८ व्होल्टची बॅटरी, १००० वॅटची मोटर आणि मोबाइलवरून ब्लूटूथने सेटिंग बदलता येणारा कंट्रोलर. आपांकडे बीसीचे पैसे नुकतेच आले होते. ते एकदाच खर्च होणार होते, म्हणून तिने यादी माझ्याकडे पाठवली. “तू सायन्स शिकवतेस, तूच बघ.”

आधी कंट्रोलर म्हणजे काय ते समजून घेऊ. सायकलच्या चाकात बसणाऱ्या हब मोटरला घासणारे कार्बन ब्रश नसतात. आत लोहचुंबक आणि तांब्याच्या तारांची वेटोळी असतात. चाक ज्या क्षणी जिथे आहे त्याप्रमाणे योग्य वेटोळ्यात योग्य वेळी वीज सोडावी लागते, तरच चाक फिरते. हे काम कंट्रोलर सेकंदाला हजारो वेळा करतो. चाक कुठे आहे हे त्याला मोटरमधले तीन हॉल सेन्सर सांगतात. हॉल हे एका अमेरिकन शास्त्रज्ञाचे नाव आहे, त्याने १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर हे सेन्सर चालतात. आणि वीज चालू-बंद करणारे जे छोटे काळे स्विच कंट्रोलरच्या पेटीत ओळीने बसवलेले असतात, ते मॉसफेट. मॉसफेट १९५९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये तयार झाला, आणि तो करणाऱ्या दोघांपैकी एक मोहम्मद अताल्ला हे इजिप्तच्या पोर्ट सईदचे, कैरोत शिकलेले. दुसरे दावोन कांग, कोरियाचे. वर्गात हे सांगितले की मुले कंट्रोलरकडे जरा वेगळ्या नजरेने पाहतात, म्हणून इथेही सांगितले.

साध्या कंट्रोलरमध्ये किती करंट घ्यायचा, किती व्होल्टला बंद पडायचे, किती वेगाला थांबायचे हे कारखान्यात ठरलेले असते. प्रोग्रॅमेबलमध्ये ते आपण ठरवू शकतो. फरक एवढाच. मुले ‘प्रोग्रॅमेबल’चा अर्थ वाढवता येणारा असा घेतात. मी कमी करता येणारा असा घेते, आणि घरासाठी तोच अर्थ उपयोगाचा आहे.

आता वेगाचे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये विजेवर चालणाऱ्या वाहनाची व्याख्या आहे. मोटरची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी, म्हणजे २५० वॅटच्या आत. कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी. बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत. ब्रेक आणि प्रकाश परतवणाऱ्या पट्ट्या योग्य. हे सारे तपासणी संस्थेने प्रमाणित केले असेल तर ते वाहन ‘मोटार वाहन’ धरले जात नाही. म्हणजे नोंदणी नाही, लायसन्स नाही. पुण्याची एआरएआय ही अशीच एक तपासणी संस्था. घरी जोडलेल्या सायकलकडे असा कागद नसतो, म्हणून शक्य असेल तर प्रमाणित किटच घ्यावे आणि कोणत्याही परिस्थितीत आकडे या मर्यादेच्या आत ठेवावेत. भाच्याची १००० वॅटची सायकल ही कायद्याच्या नजरेत सायकल राहत नाही. ती नंबरप्लेट नसलेली, विमा नसलेली मोटारसायकल होते. तिने कोणाला धक्का लागला तर भरपाई घरातून जाईल.

आणखी एक गोष्ट आईवडिलांनी नीट वाचावी. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९-अ आले. अल्पवयीन मुलाने मोटार वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्सही मिळत नाही. भाच्याची धाकटी बहीण पंधराची आहे. घरात सायकल आली की ती चालवणारच, हे आपांनाही माहीत आहे.

भाच्याचे म्हणणे होते, “खाला, मोठा घेऊन ठेवू, सेटिंग कमी करून वापरू.” ऐकायला बरोबर वाटते. पण मोबाइलवरून कमी केलेले मोबाइलवरूनच वाढते, आणि ते वाढवणारा हात घरातलाच असतो. शिवाय मोटर मोठी, तिचे वजन जास्त, बॅटरीकडून मागणी जास्त. वोटोल, फारड्रायव्हर असे जे कंट्रोलर मुले मोबाइलवर दाखवतात, ते मुळात स्कूटर आणि मोटारसायकलसाठीचे आहेत. स्वीडनच्या बेंजामिन वेडर यांनी बनवलेला व्हीईएससी फार सुंदर यंत्र आहे, त्याची रचना सगळ्यांना खुली आहे, शिकणाऱ्याने त्याच्याशी जरूर खेळावे. पण त्यात पन्नासेक गोष्टी ठरवाव्या लागतात आणि एक चुकली तर मॉसफेट जळतात. तो टेबलावर शिकावा, अब्बांच्या चाकात नको.

मग काय घ्यावे? ३६ व्होल्ट, २५० वॅट, सहा मॉसफेटचा, साइन वेव्हचा कंट्रोलर, ज्याची सेटिंग हँडलवरच्या डिस्प्लेच्या बटणांनी बदलतात. कुनतेंग कंपनीचे, म्हणजे बाजारात ‘केटी’ म्हणून मिळणारे, याच जातीचे आहेत. साइन वेव्ह का? जुन्या पद्धतीच्या स्क्वेअर वेव्ह कंट्रोलरमध्ये सुरुवातीला घर्रर्र आवाज आणि झटका येतो. साइनमध्ये चाक मऊ उठते. गुडघ्यांसाठी मोटर बसवायची आणि पहिल्या पायडलला कमरेला झटका द्यायचा, याला अर्थ नाही.

३६ व्होल्ट का, हा भाच्याचा खरा वाद होता. मोटरचा वेग व्होल्टच्या प्रमाणात वाढतो. तीच मोटर ३६ ऐवजी ४८ वर चालवली तर वेग सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. म्हणजे ३६ व्होल्टसाठी नीट निवडलेली मोटर पंचविशीच्या आसपास आपोआप दमते, मग कोणी सेटिंगशी खेळले तरी. कुलूप किल्लीने लावण्यापेक्षा भिंत बांधलेली बरी. काही कंट्रोलरमध्ये वेगमर्यादेसाठी एक वेगळी वायर असते, ती जोडली किंवा काढली की मर्यादा उठते. दुकानदार ही ‘सोय’ हसत हसत सांगतो. ती वायर कुठली आहे हे आईने विचारून ठेवावे.

आता करंट, कारण सगळी गंमत आणि सगळा धोका तिथेच आहे. २५० भागिले ३६ म्हणजे सुमारे ७ अँपिअर. पण २५० वॅटचा शिक्का असलेला कंट्रोलर चढावर १४-१५ अँपिअरपर्यंत घेतो, म्हणजे बॅटरीतून पाचशे वॅट. थोड्या वेळासाठी ते चालते. आपल्या नागपूरला उड्डाणपुलांचे चढ सोडले तर चढ तरी कुठे आहेत? म्हणून केटीच्या सेटिंगमध्ये सी-५ ने करंट कमी करून दहाच्या आसपास आणायला सांगितला. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट दुप्पट, उष्णता चौपट. दहावीच्या पुस्तकातला ज्यूलचा नियम इथे खिशाला लागतो. एक खबरदारी: बॅटरीच्या बीएमएसची करंट-मर्यादा कंट्रोलरपेक्षा जास्त हवी. उलटे असेल तर चढावर बीएमएस अचानक तोडतो, आणि डिस्प्लेसकट सगळे बंद.

दुकानात ‘फेज करंट’ हाही शब्द ऐकू येईल. बॅटरीतून येणारा करंट वेगळा आणि मोटरच्या तारांत जाणारा वेगळा. कमी वेगात मोटरला कमी व्होल्ट लागतात, तेव्हा कंट्रोलर व्होल्ट उतरवून करंट चढवतो. बॅटरीकडून १० घेऊन मोटरला २५ सुद्धा देऊ शकतो. म्हणून ओझे घेऊन हळू चालताना मोटर सर्वांत जास्त तापते, वेगात नाही. गिअर असलेल्या छोट्या हब मोटरमध्ये नायलॉनचे दाते असतात. फेज करंट फार वाढवला की आधी तेच झिजतात.

कमी व्होल्टचे बंधन, सी-१२, हेही समजून घ्यावे. ३६ व्होल्टच्या लिथियम-आयन बॅटरीत दहा सेल ओळीत असतात. भरली की ४२ व्होल्ट. प्रत्येक सेल ३ व्होल्टच्या खाली जाऊ द्यायचा नाही, म्हणून ३० च्या थोडे वर, ३१-३२ ला कंट्रोलरने स्वतः थांबावे. बॅटरी आणि कंट्रोलर वेगवेगळ्या दुकानातून घेणाऱ्यांनी हे जपावे: फक्त ४८ व्होल्टचा कंट्रोलर साधारण ४० ते ४२ ला बंद होतो, म्हणजे ३६ ची भरलेली बॅटरीही त्याला संपलेली वाटते. पैसे देऊन गाडी हलत नाही, आणि दुकानदार म्हणतो मोटर खराब.

ब्रेक मारताना बॅटरी भरते, या गोष्टीसाठी जास्त पैसे मागितले तर एक प्रश्न विचारा: मोटर गिअरची की बिनगिअरची? गिअरच्या हब मोटरमध्ये एका दिशेने सुटणारा क्लच असतो, चाक मोटरला उलटे फिरवू शकत नाही. म्हणजे कंट्रोलरमध्ये ती सोय असली तरी वीज परत येणार नाही. बिनगिअरच्या जड मोटरमध्ये येते, पण सपाट रस्त्यावर सायकलच्या वजनाला त्यातून हाती फार थोडे लागते.

नागपूरच्या उन्हाचे वेगळे सांगायला नको. २०२४ च्या मे अखेरीस इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. मग हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचे सांगितले. पण ४५ अंश तर आपण दर वर्षी पाहतो. कंट्रोलरची अॅल्युमिनियमची पेटी हवेने थंड होते. ती रेक्झिनच्या पिशवीत कोंबून सीटखाली बांधण्याची पद्धत वाईट आहे. फ्रेमच्या खालच्या नळीला, सावलीत, वारा लागेल अशी घट्ट बसवावी, वायरींची तोंडे खाली, म्हणजे पावसाळ्यात पाणी वायरीवरून उतरून आत शिरणार नाही. उन्हातून आलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये, तासभर थांबावे. आणि चार्जिंग जिन्यात किंवा दाराशी कधीच नको. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते.

यादी अशी कापल्यावर बीसीच्या पैशांतून दोन गोष्टी जास्त घेता आल्या. एक, चांगल्या पेशींची ३६ व्होल्ट १३ अँपिअर-तासाची बॅटरी. पायडल मारत चालवले तर किलोमीटरला १२ वॅट-तास धरा, जाऊन-येऊन तीस किलोमीटरला ३६०. बॅटरीत आहेत ४६८. शिल्लक राहते, आणि बॅटरी पूर्ण न संपवल्याने जास्त वर्षे टिकते. दोन, ब्रेकच्या मुठीत बसणारे स्विच, ब्रेक दाबताच मोटर तोडणारे. हे बहुतेक किटमध्ये असतात आणि बहुतेक मुले लावत नाहीत, कारण दोन वायरी जास्त जोडाव्या लागतात.

भाचा दोन दिवस रुसला. मग त्याला मी दुसरे काम दिले. मोटरच्या तीन जाड वायरी आणि हॉलच्या तीन बारीक वायरी, या जोडायचे ३६ प्रकार होतात. त्यातले नीट पुढे फिरवणारे शोधायचे, कारण त्याच्या कंट्रोलरला आपोआप ओळखणारी ‘लर्निंग’ वायर नाही. चाक अधांतरी, करंट सगळ्यांत कमी, एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक निकाल वहीत. त्याने तीन पाने भरली. चुकीच्या जोडणीत चाक कुरकुरते आणि करंट चढतो, हे त्याने स्वतः पाहिले.

रस्त्यावर काढण्याआधी आपांनी स्वतः बघायच्या गोष्टी मी तिला लिहून दिल्या. चाक अधांतरी ठेवून पूर्ण वेग द्या आणि ब्रेकची मूठ दाबा, मोटर क्षणात सुटली पाहिजे. पायडल थांबवा, मदत थांबली पाहिजे. मागच्या चाकाच्या आसाला टॉर्क आर्म, म्हणजे आस फिरू न देणारी पट्टी, नटाखाली घट्ट आहे ना, हाताने हलवून पाहा. ती सैल असेल तर आस फिरतो आणि वायरी पिळून तुटतात. अर्धा तास रिकाम्या गल्लीत चालवून कंट्रोलरच्या पेटीवर तळहात ठेवा. ठेववत नसेल तर सी-५ आणखी एक पायरी खाली.

दूल्हाभाई सध्या पाचपैकी दुसऱ्या पायरीवर चालवतात. तिसरी त्यांना जोराची वाटते.