पळसाचा द्रोण

माझी धाकटी बहीण चिमूरला दिली आहे. भाऊबीजेला तिच्याकडे जायचे, हा आमचा जुना रिवाज. गेल्या खेपेस ओवाळणी आटोपली आणि भाचा म्हणाला, "मामा, गंमत बघा!" त्याने मांडीवर टिचकी मारली, आणि तळ्यात खडा पडावा तशी कातडीखालून एक लाट संथपणे सरकत गेली. आम्ही सारे हसलो. बहीण तेवढी हसली नाही.

जिना चढताना हा पोरगा कठडा धरतो. "पोट्टा आळशी आहे," हा सासूबाईंचा निकाल. नागपूरच्या डॉक्टरांनी मात्र जनुकाची परीक्षा करून सांगितले, की याच्या स्नायूंतले कॅव्हिओलिन-३ नावाचे प्रथिन सदोष आहे.

आता हे काय प्रकरण? सासूबाई ओसरीवर पळसाचे द्रोण लावीत होत्या. त्यातलाच एक मी उचलला. आपल्या पेशीच्या पापुद्र्यावर असे इवले खळगे असतात. रुंदी पन्नास ते शंभर नॅनोमीटर. एका केसाच्या जाडीत हजारभर सहज मावतील! १९५३ साली जॉर्ज पॅलेड यांना ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दिसले. पुढे १९५५ साली यामाडा यांनी त्यांना 'लहान गुहा' अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. पण खळगा घडवतो कोण, हे कळायला १९९२ उजाडले. कॅव्हिओलिन पापुद्र्यात रुतून त्याला बाक देते. कॅव्हिन नावाची दुसरी प्रथिने बाहेरून वेढा घालून तो बाक टिकवतात. द्रोणाची काडीच म्हणा ना.

मी काडी काढली. पान पसरले. "झालं का नुकसान?" सासूबाई कुरकुरल्या. तर नुकसान नव्हे, हीच खुबी! स्नायू ताणला की खळगे असेच सपाट होतात, पापुद्र्याला जादा कापड मिळते आणि तो फाटत नाही. पॅरिसच्या क्यूरी संस्थेतल्या संशोधकांनी हे २०११ साली दाखवले. ज्याचे द्रोणच नीट लागले नाहीत, त्याचा स्नायू दर पायरीला थोडा दुखावतो.

"दादा, हे माझ्याकडून आलं का रे?" बहिणीने हळूच विचारले.

बहुधा आईबापांपैकी एकाकडून येते, कधी कोणाकडूनच नाही. दोष नव्यानेच उपजतो. हे प्रथिन सुधारणारे औषध अजून नाही. पुष्कळांत दुखणे सावकाश वाढते, एवढाच दिलासा. मी तिला तसेच सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळ्यावरचे पापड कोणी आणायचे, असा प्रश्न निघाला. भाचा उठला. सासूबाईंनी त्याला खाली बसवले आणि स्वतःच, गुडघे धरीत, जिना चढू लागल्या.