संथा नातवाची, स्मृती आजोबांची

समर्थांचे मनाचे श्लोक २०५. आठवड्याला एक धरला, तरी सहा वर्षांच्या नातवाला जवळजवळ चार वर्षांचा अभ्यास होतो. भुजंगप्रयाताची लय मुलांच्या जिभेवर चटकन बसते. संथा देताना एका वेळी एकच चरण घ्यावा. आपण एकदा म्हणावा, मुलाने दोनदा. अर्थ गोष्टीतून सांगावा. पंधरा मिनिटे पुरेत.

आता घरी शुश्रूषा करणाऱ्यांसाठी. आजोबा सारे श्लोक अस्खलित म्हणतात, म्हणून त्यांची स्मरणशक्ती शाबूत आहे, असे समजू नये. बालपणी पक्के झालेले पाठांतर स्मृतिभ्रंशातही बराच काळ टिकू शकते. बहुधा आधी ढळते ती ताज्या घटनांची आठवण. म्हणून काल कोणता श्लोक दिला, हे त्यांना आठवते का, इकडे लक्ष असू द्यावे. तोच श्लोक रोज नव्याने दिला जाऊ लागला, सकाळची गोळी घेतल्याचे वारंवार विस्मरण होऊ लागले, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा विकार, नैराश्य, कमी ऐकू येणे यांमुळेही असे घडते आणि त्यांवर उपचार आहेत.

क्वचित एखादा शब्द अडला, तर भिण्याचे कारण नाही. मुलांसमोर मात्र त्यांची चूक काढू नये. निदान काहीही होवो, झेपेल तोवर संथा चालू ठेवावी. ती देण्याचा मान आजोबांचाच असू द्यावा.