शाळेत गाणं शिकवायला सोसायटीने पैसे का द्यावेत?



कल्याण निधीतून गावच्या प्राथमिक शाळेला आठवड्यातून दोन दिवस संगीताचा मास्तर द्यावा, हा विषय बैठकीत आला तेव्हा काही बोटमालकांनी सरळ विचारलं, "गाणं शिकून पोर बोटीवर काय करणार?" प्रश्न रास्त आहे. डिझेलचा भाव सगळ्यांनाच माहीत आहे. तरी माझं मत निधी द्यावा असंच आहे.

आज शाळेत गाणं-नाच म्हणजे काय? गॅदरिंगच्या आधी पंधरा दिवस स्पीकरवर सिनेमाचं गाणं लावायचं, पोरांकडून हातवारे पाठ करून घ्यायचे. भाड्याचा ड्रेस, मोबाईलवर व्हिडिओ, संपलं. यासाठी पैसे मागितले असते तर मीच नाही म्हटलं असतं.

शिकणं म्हणजे आधी हातावर ताल धरणं. तीनताल १६ मात्रांचा, चार-चारचे चार भाग. पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली. झपताल १० मात्रांचा, पण भाग दोन-तीन-दोन-तीन असे. तिसरीतलं पोर हे टाळ्या वाजवून करतं तेव्हा ते मोजतं, लक्ष ठेवतं आणि शेजारचा कुठे आहे ते ऐकतं. एकाने घाई केली की सगळ्यांचा ताल मोडतो. रापण ओढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

आणि पोटापाण्याचंच म्हणाल तर आपल्या गोव्यातलंच बघा. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांत पोरांना लहानपणीच स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवायचे. त्या शिक्षणावर कितीतरी गोंयकार मुंबईच्या सिनेमात वादक म्हणून पोट भरून राहिले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस तर प्यारेलालजींचे गुरू. आपल्या पोरांचा कान कमी नाही, चवथीला आरतीत पाच वर्षांचं पोर घुमटाचा ठेका बरोबर पकडतं. पण ते काय वाजवतंय हे त्याला कोणी लिहून, मोजून दाखवत नाही.

घुमटाला सरकारने २०१९ साली वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, शाळेत मात्र ते दिसत नाही. (घोरपडीचं कातडं कायद्याने बंद आहे, बकऱ्याचं लावायचं.) फुगडी, धालो आपल्या आयाबायांना येतात. मास्तराने स्वर-ताल शिकवावा, नाच त्यांनी शिकवावा. मासळी विकून आलेल्या बाईला रोज जमणार नाही, पण महिन्यातून एक शनिवार जमेल. त्यांनाही मानधन द्यायलाच हवं, फुकट राबवून घेऊ नये.

१ जून ते ३१ जुलै बंदी असते. तेव्हा ६१ दिवस तांडेल-खलाशी घरीच असतात. ज्यांना घुमट, शामेळ वाजवता येतं त्यांनी शाळेसाठी आठवड्यातला एक तास द्यावा. नावं ऑफिसात माझ्याकडे द्या. ठराव पुढच्या बैठकीत परत येईल, विरोध असला तरी या आणि बोला.

तुमचा,
सचिव