जुन्या लॅपटॉपमधील खतावणी

पेठेतून बावधनच्या सदनिकेत बिऱ्हाड हलवताना लाल बांधणीच्या चोपड्या जपून आणल्या जातात; वीस वर्षांपूर्वीचा बंद लॅपटॉप मात्र भंगारात निघतो. भागीदारीची वाटणी किंवा जुने येणे-देणे यांचा वाद निघाला की आठवते, त्या काळची खतावणी त्याच्या हार्ड डिस्कमध्येच होती.

या डिस्कमध्ये चुंबकीय थराची चकती वेगाने फिरते आणि नोंदी वाचणारे सूक्ष्म टोक तिच्यावर, तिला न टेकता, तरंगते. ते घासू लागले की नोंदी कायमच्या नष्ट होतात. म्हणून टकटक आवाज येताच यंत्र पुनःपुन्हा सुरू करू नये. डिस्क जाणकाराकडे सोपवावी. आवाज नसल्यास ती यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या संगणकाला जोडून प्रथम संपूर्ण नक्कल उतरवावी.

दुरुस्ती त्यानंतर. अशा लॅपटॉपमध्ये बहुधा ४४ पिनांची आयडीई जोडणी असते. आजची साटा एसएसडी तिथे थेट बसत नाही. साध्या अडॅप्टरवर बसवलेले कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड मात्र चालते. त्यात फिरणारा भागच नसतो. क्षमता बेताची घ्यावी; विंडोज एक्सपीच्या मूळ आवृत्तीला १३७ जीबीपलीकडची जागा वापरता येत नाही.

यंत्र सुरू झाल्यावरही नक्कल दोन निराळ्या जागी ठेवावी आणि ती उघडून, शिल्लक पडताळून पाहीपर्यंत जुनी डिस्क टाकू नये.