विश्लेषण : नीरा कालव्याच्या पाण्याचे गणित विश्वेश्वरय्यांनी कसे मांडले?

कोऱ्हाळे बुद्रुकसह बारामती, इंदापूर पट्ट्यातील ऊसशेती नीरा डाव्या कालव्यावर उभी राहिली. पाणी कोणाला, किती आणि कधी, हा इथला जुना वाद. त्यावर सव्वाशे वर्षांपूर्वी सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी तोडगा सुचवला होता.

पुण्याशी संबंध काय?

विश्वेश्वरय्या पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये (आजचे सीओईपी) शिकले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. खडकवासल्याला त्यांनी स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेले की ते आपोआप उघडत आणि पातळी उतरली की मिटत. त्यामुळे धरणाची भिंत न वाढवता साठा वाढला. एडनचा पाणीपुरवठा, हैदराबादची पूरनियंत्रण योजना, कृष्णराजसागर धरण, म्हैसूरचे दिवाणपद आणि १९३४ मधील नियोजनावरील पुस्तक, असा त्यांचा आवाका होता. १९५५ मध्ये त्यांना ‘भारतरत्न’ मिळाले.

‘ब्लॉक’ पद्धत म्हणजे काय?

तेव्हा भिजणारी शेते विखुरलेली होती. त्यामुळे लांबलांबच्या चाऱ्यांतून पाणी मुरून वाया जाई. एकाच जमिनीला सतत पाणी मिळाल्याने ती पाणथळ होई, तर शेवटच्या गावांपर्यंत पाणी पोहोचत नसे. विश्वेश्वरय्यांनी गावोगावी सलग गट पाडून त्यांनाच पाणी देण्याची आणि गटात उसासारखे बारमाही पीक व कमी पाण्याची हंगामी पिके फिरवून घेण्याची कल्पना मांडली. पाणी जास्त गावांना मिळावे आणि जमीनही टिकावी, हा त्यामागचा हेतू. १९०१ ते १९०३ दरम्यानच्या सिंचन आयोगापुढेही त्यांनी ही पद्धत मांडली.

इशारा खरा ठरला का?

जमिनीची भीती खोटी नव्हती. १९१० मध्ये मुंबई इलाख्याच्या शेती खात्यासाठी हॅरल्ड मान आणि तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील क्षारपड जमिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे साखर कारखाने आले आणि ऊस हेच मुख्य पीक झाले.

आज त्याचा अर्थ काय?

१५ सप्टेंबरला, अभियंता दिनी, विश्वेश्वरय्यांच्या धरणांची आठवण निघते. पण धरण बांधून निम्मेच काम होते. उरलेले निम्मे वाटपाच्या नियमात असते. ठिबक किंवा नवे दरवाजे आले, तरी किती क्षेत्रात बारमाही पीक घ्यायचे, हा निर्णय टाळता येणार नाही. तो टाळला, तर कालव्याच्या वरच्या भागात जमीन चोपण होईल आणि शेवटच्या गावात पाट कोरडा राहील.