भंगाराचा भाव आणि बाष्पयंत्राचे मोल

ज्या नगरीत यंत्रे घडतात, तेथे यंत्राविषयीचे कुतूहलही आपोआप वाढत असेल, अशी एक समजूत आहे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. आणि त्यानंतरच्या दशकांत भोसरी, चिंचवड, आकुर्डी ही नावे टर्नर-फिटरांच्या हातांशी कायमची जोडली गेली. पुढे हा पट्टा चाकणपर्यंत पसरला व तेथे मोटारींचे प्रचंड कारखाने आले. अशा या भागात कोणी गृहस्थ बंद पडलेले एखादे छोटे यंत्र विकत घेऊन, कसल्याही लाभाची अपेक्षा न धरता, सुटीच्या दिवशी ते दुरुस्त करीत बसला, तर शेजारीपाजारी त्याला विक्षिप्तांत जमा करतात. ही प्रतिक्रिया वाटते तितकी निरुपद्रवी नाही.

उदाहरणादाखल टेबलावर मावणारे वाफेचे वीजघर घ्यावे. इंग्लंडात ममॉड, जर्मनीत विलेस्को आणि अमेरिकेत जेन्सन या नावांनी अशी यंत्रे गेली अनेक दशके तयार होत आली आहेत. पितळेचा तांब्याएवढा बॉयलर, त्याखाली स्पिरिटचा दिवा किंवा घन इंधनाची वडी, एक सिलिंडर, त्यात पुढेमागे सरकणारा दट्ट्या, फ्लायव्हील, त्यावरून गेलेला पट्टा, आणि पलीकडे वाटाण्याएवढा दिवा पेटविणारा डायनॅमो. इंधनातील उष्णतेपैकी शेकडा एक भागसुद्धा वीज होऊन बाहेर पडत नाही. उपयुक्ततेच्या कसोटीवर हे यंत्र नापास आहे, यात वाद नाही.

जुन्या बाजारात सापडणारे असे यंत्र सहसा आजारी अवस्थेत असते. वर्षानुवर्षांचे तेल गोंदासारखे चिकट होऊन दट्ट्या जागीच बसलेला असतो. बॉयलरच्या आत क्षारांचे पुट चढलेले असते, पाण्याची पातळी दाखविणारी काच आंधळी झालेली असते, सुरक्षा झडपेची स्प्रिंग गंजलेली असते. आणि पूर्वीच्या कोणा उत्साही मालकाने सांध्यावर साध्या डाखाचे ओबडधोबड ठिगळ लावलेले असते. हे ठिगळ सर्वांत घातक. बॉयलरमधले पाणी संपले की साधा डाख वितळतो. तेथे चांदीचा डाखच हवा. पुट काढायला लिंबूसत्त्वाचे पाणी पुरते, मात्र घाई चालत नाही. शिलाई यंत्राचे पातळ तेल सिलिंडरमध्ये टिकत नाही, कारण वाफेचे पाणी होताना ते धुऊन जाते. त्यासाठी जाड तेल लागते. आणि अग्नी लावण्यापूर्वी बॉयलर थंड पाण्याने काठोकाठ भरून, नेहमीच्या दाबाच्या दुप्पट दाब देऊन तपासावा लागतो. पाणी जवळजवळ आकुंचन पावत नसल्यामुळे सांधा फुटलाच तर चार थेंब गळतात. वाफेने फुटला तर पितळेचे तुकडे उडतात.

कायद्याची मदत येथे होत नाही. १९२३ च्या बॉयलर कायद्याची जागा २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली आहे. परंतु २५ लिटरांहून लहान भांडी त्याच्या कक्षेबाहेर आहेत. निरीक्षक येणार नाही, म्हणून दुरुस्ती करणाऱ्यालाच निरीक्षक व्हावे लागते. दाब म्हणजे काय, हे पाठ्यपुस्तकातून पाठ केलेले असणे आणि आपल्याच हाताने बसविलेल्या झडपेवर त्याचा भरवसा ठेवणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

या उद्योगात अर्थशास्त्राचाही एक धडा दडलेला आहे. भंगारवाला हे यंत्र तराजूत टाकतो आणि पितळेच्या भावाने त्याची किंमत करतो. त्याचे काही चुकत नाही. त्याच्या लेखी ती केवळ धातू आहे. तेच यंत्र चालू झाले की त्याला अनेकपट मोल येते. मधल्या काळात त्यात भर किती पडली? चार वॉशर, एक स्प्रिंग, थोडा डाख. बाकी सारी भर ज्ञानाची आणि वेळेची. घरी, विनामोबदला केलेल्या या श्रमाची राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात नोंद होत नाही. यंत्र भट्टीत जाऊन वितळले, तर मात्र ती उलाढाल ठरते. हिशेबाच्या पद्धतीचा हा दोष सर्वांना ठाऊक आहे; तो ठाऊक असूनही आपण आपली मुले त्याच हिशेबाने वाढवितो, हे अधिक चिंताजनक म्हणावे लागेल.

लहान यंत्राची दुरुस्ती किती दूरवर जाऊ शकते, याचा दाखला इतिहासात आहे. ग्लासगो विद्यापीठाकडे न्यूकोमेनच्या बाष्पयंत्राची एक छोटी प्रतिकृती होती. लंडनला दुरुस्तीसाठी पाठवूनही ती नीट चालेना. १७६३-६४ च्या हिवाळ्यात विद्यापीठाच्या उपकरणांची देखभाल करणाऱ्या जेम्स वॉटकडे ती आली. त्याने ती दुरुस्त केली. तरीही चार फेऱ्यांत बॉयलरची वाफ संपे. दुसरा कोणी ‘खेळण्याचा दोष’ म्हणून गप्प बसला असता. वॉटने कारण शोधले: प्रत्येक फेरीत सिलिंडर थंड करून पुन्हा तापवावा लागतो, आणि लहान सिलिंडरला आकाराच्या मानाने पृष्ठभाग जास्त असल्यामुळे हा अपव्यय तेथे ढळढळीत दिसतो. १७६५ मध्ये त्याला निराळ्या संघनकाची कल्पना सुचली आणि १७६९ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. मोठ्या यंत्रात जे झाकलेले होते ते छोट्या यंत्राने उघडे केले.

आपल्याकडेही हा धागा अगदीच नाही असे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा उगम बेळगावातील सायकलींच्या विक्री-दुरुस्तीच्या दुकानात आहे. पुण्यात कोथरूडला १९९८ मध्ये सुरू झालेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय हे भाऊ जोशी यांच्या छंदाचे फळ होय. सहलीला आलेली मुले तेथे काचेला नाक लावून उभी राहतात ती उगीच नव्हे.

मग औद्योगिक पट्ट्यातच या वृत्तीचा दुष्काळ का? एक कारण श्रमविभागणीत आहे. चाकणच्या जुळणी-साखळीवर उभा असलेला कंत्राटी तरुण दिवसभर ठराविक जागी ठराविक बोल्ट आवळतो. त्याचे काम अचूक असते, पण यंत्र सबंध असे त्याच्या हाती कधीच येत नाही. टेबलावरच्या वीजघरात अग्नीपासून दिव्यापर्यंतची सारी साखळी एका नजरेत येते. त्याच्या खोलीतला दिवा ज्या चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉटच्या केंद्रावरून पेटत असेल, तेथेही पाणी तापवून वाफच केली जाते. फक्त दट्ट्याऐवजी टर्बाइन फिरते. हा संबंध त्याला कोणी दाखविलेला नसतो.

दुसरे कारण जागेचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने चिखलीजवळच्या कुदळवाडीतील भंगाराची गोदामे आणि पत्र्याच्या शेड हजारोंच्या संख्येने पाडल्या. तेथील आगी, धूर आणि अनधिकृत बांधकामे यांचे समर्थन कोणी करणार नाही. पण अशाच ठिकाणी जुना लेथ, सुटा मोटर-पंप, पितळेचा वेडावाकडा नळ हे गरिबाच्या हौसेला परवडणाऱ्या दरात मिळते. शहर नियोजनाच्या नकाशात ‘भंगार’ या शब्दापुढे केवळ उपद्रव लिहिलेला असेल, तर दुरुस्ती करू पाहणाऱ्याने सुटे भाग आणायचे कोठून?

हा परदेशी श्रीमंतांचा षोक आहे, अशी टीका होईल. तयार यंत्र परदेशातून मागविले तर ते महागच पडते. म्हणूनच मोडके यंत्र आणि स्थानिक कारागिरी यांचा मेळ घालावा. ज्या भोसरीत कोणताही दांडा लेथवर लावून मिळतो, तेथे एक दट्ट्या मिळू नये? मोरवाडीला महापालिकेची औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे, चिंचवडला सायन्स पार्क आहे. अशा ठिकाणी मुलांना चालू यंत्र काचेआडून दाखविण्यापेक्षा बंद यंत्र त्यांच्या पुढ्यात ठेवावे. महिन्यातून दोन रविवार एक लेथ, दोन व्हाइस आणि दाब तपासणीचा हातपंप खुला ठेवला, तर खर्च मुख्यतः देखरेखीचा. ती करायला निवृत्त टूलरूम कारागीर या भागात गल्लोगल्ली आहेत. हातचे कसब जाण्यापूर्वी ते कोणाला तरी देऊन जावे, अशी इच्छा त्यांच्यापैकी पुष्कळांना असते. त्यांना बोलाविणारे कोणी नसते. मानधन द्यावे, पण अट एक असावी: मुलाने बॉयलर थंड पाण्याने तपासून दाखविल्याखेरीज त्याच्या हाती काडेपेटी देऊ नये.