किती वाकतो, हे विचारण्यापूर्वी

गुडघ्याची सांधेबदल शस्त्रक्रिया होऊन घरी आलेल्या माणसाला भेटावयास येणारा प्रत्येक जण विचारतो, “आता किती वाकतो?” गुडघा सरळ किती होतो, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. बसणे म्हणजे मांडी घालून बसणे आणि जेवणे म्हणजे पाटावर बसून जेवणे, अशा वळणात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना वाकण्याचे अप्रूप असावे हे स्वाभाविक आहे. तथापि पहिल्या दोन-तीन महिन्यांत सोसावी लागणारी वेदना नेमकी कशासाठी सोसायची, हे रुग्णाला आणि घरच्यांना उमगले नाही, तर ती निव्वळ छळ वाटू लागते. आणि छळ वाटला की माणूस व्यायाम टाळतो. म्हणून आजच्या सदरात शस्त्रक्रियेच्या यशापेक्षा तिच्यानंतरच्या रेंगाळणाऱ्या दिवसांविषयी लिहावयाचे योजले आहे.

प्रथम गुडघ्यात काय घडले ते पाहू. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची झिजलेली टोके काही मिलिमीटर कापून त्यांवर धातूची आवरणे बसवली जातात. बहुधा वरचे आवरण कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूचे असते. दोहोंच्या मध्ये पॉलिएथिलिन या कठीण प्लॅस्टिकची चकती येते. वर्षानुवर्षे वाकड्या झालेल्या पायाला सरळ रेषेत आणताना आखडलेले अस्थिबंध सैल करावे लागतात. झिजेची जुनी कळ जाते, पण तिच्या जागी शस्त्रक्रियेची नवी वेदना येते, आणि या दोन वेदना निराळ्या आहेत. पाऊल टाकताच हाडावर हाड घासल्यासारखी उठणारी ती जुनी कळ आता उठते का, हे स्वतःला विचारून पाहा. पुष्कळ जण काही आठवड्यांतच ‘नाही’ असे उत्तर देतात. आता जे दुखते ते मुख्यत्वे त्वचा, स्नायू आणि सांध्याभोवतीचे आवरण यांचे दुखणे असते.

पहिला फसवा टप्पा रुग्णालयातच येतो. शस्त्रक्रियेच्या दिवशी मणक्यातील भूल, नस बधिर करणारे इंजेक्शन आणि सांध्याभोवती दिलेली औषधे यांमुळे रुग्ण आश्चर्य वाटावे इतका निवांत असतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यांचा अंमल उतरतो आणि वेदना उसळते. “काल ठीक होते, आज काहीतरी बिघडले,” असे वाटते. बहुतेक वेळा काही बिघडलेले नसते. भूल उतरलेली असते. हे आधी सांगून ठेवले, तर त्या रात्रीची निम्मी घबराट टळते.

खरा कठीण काळ मात्र साधारणतः तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात असतो. टाके निघालेले असतात, भेटीला येणारे येईनासे झालेले असतात, रजा काढून आलेली मुलगी आपल्या घरी परतलेली असते, आणि ‘आता बरे झाले की’ असे सारे धरून चालतात. रुग्णाला मात्र संध्याकाळी गुडघा फुगलेला दिसतो, हात लावला तर उष्ण लागतो आणि रात्री झोप येत नाही. सूज आणि उष्णता तीन ते सहा महिने, कधी त्याहूनही अधिक काळ राहू शकते. जखमेच्या बाहेरच्या बाजूचा भाग बधिर वाटतो, कारण तेथील त्वचेची बारीक नस छेद घेताना कापली जाते. हा बधिरपणा पुढे आकसतो, काहींच्या बाबतीत थोडा कायम राहतो. चालताना ‘टक्’ असा आवाज येतो, तो धातू आणि प्लॅस्टिक एकमेकांस टेकल्याचा. यांपैकी कशानेही धास्तावून जाण्याचे कारण नाही. मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूची शक्ती पहिल्या महिन्यात निम्म्याहूनही खाली येते, आणि हा स्नायू पुन्हा बांधला जाईपर्यंत पाय ‘आपला’ वाटत नाही. तो बांधण्यास महिने लागतात. सुधारणा वर्षभर चालू राहते, हे ध्यानी धरून दिवसांचा हिशेब मांडावा.

आता सरळ होण्याविषयी. गुडघा पाच-दहा अंश जरी वाकडा राहिला, तरी प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ताणलेला राहतो, माणूस लवकर थकतो, लंगडतो आणि कंबर दुखू लागते. वाकणे पुढेही काही प्रमाणात वाढत राहते. सरळ होण्याची उणीव मात्र सुरुवातीच्या आठवड्यांत भरून काढली नाही, तर पुढे ती फार हट्टी होते. आणि नेमके याच काळात प्रेमापोटी गुडघ्याखाली मऊ उशी दिली जाते! तिने तात्पुरते बरे वाटते, आणि गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडतो. उशी द्यावयाची तर ती टाचेखाली द्यावी, गुडघ्यामागची बाजू अधांतरी राहू द्यावी, आणि मांडीचा स्नायू आवळून गुडघा गादीकडे दाबावा. पाच आकडे मोजून सोडावा. दिवसातून चार-पाच वेळा, प्रत्येक वेळी दहा-पंधरा आवर्तने. हा व्यायाम दिसायला इतका साधा आहे की पुष्कळ जण त्याला व्यायाम मानतच नाहीत.

वाकण्याचा हिशेबही ठाऊक असावा. सपाट जमिनीवर चालण्यास ६० ते ७० अंश पुरतात, जिन्यासाठी ९० ते १०० अंश लागतात, खुर्चीतून उठण्यास १०० च्या आसपास. म्हणजे ११० अंश वाकणारा गुडघा घरातली बहुतेक कामे निभावतो. मांडी घालण्यास किंवा उकिडवे बसण्यास याहून बरेच अधिक लागते, आणि शस्त्रक्रियेपूर्वी गुडघा जितका वाकत होता, त्यावर नंतरचे वाकणे पुष्कळसे अवलंबून असते. शेजारच्या काकू सहाव्या आठवड्यात चालत देवळात गेल्या, हे ऐकून स्वतःला कमी लेखण्यात अर्थ नाही. त्यांचा गुडघा, वजन, वय आणि साखर तुमची नव्हे. मात्र सहा आठवड्यांनंतरही गुडघा ९० अंशांपर्यंत येत नसेल, तर शल्यचिकित्सकांना अवश्य दाखवावे. काही वेळा भूल देऊन गुडघा वाकवावा लागतो, आणि तो उपाय साधारणतः पहिल्या तीन महिन्यांतच अधिक उपयोगी पडतो. ‘येईल हळूहळू’ म्हणत ही मुदत गमावलेले रुग्ण पाहिले की फार हळहळ वाटते.

व्यायाम किती दुखेपर्यंत करावा? एक साधे माप सांगतो. व्यायामानंतरचे दुखणे तासा-दोन तासांत उतरले, तर व्यायाम योग्य झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा कालच्यापेक्षा अधिक सुजलेला आणि ठणकणारा असेल, तर त्या दिवशी व्यायाम निम्म्यावर आणावा. बंद करू नये. वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घेतली, तर तिचा लाभ योग्य वेळी मिळतो. “गोळ्यांची सवय लागेल” म्हणून सुरुवातीला त्या टाळणारे आणि मग वेदनेमुळे व्यायामही टाळणारे रुग्ण स्वतःचे दुहेरी नुकसान करून घेतात. डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीत त्या वेळेवर घ्याव्यात आणि त्यांच्याच सल्ल्याने कमी कराव्यात.

गोळ्यांच्या बाबतीत मात्र घरातल्या कोणीतरी एकाने डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे. ट्रॅमाडॉलच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेले असते. त्यावर ताप वाटला म्हणून वेगळे पॅरासिटामॉल घेतले, तर मात्रा नकळत वाढते. प्रौढांसाठी दिवसाला ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा, आणि कृश वृद्धांसाठी ती याहून कमी. कपाटात उरलेली डायक्लोफेनॅकसारखी गोळी मनाने देऊ नये. मूत्रपिंड, जठर आणि सोबत चालू असलेले रक्त पातळ करणारे औषध, तिघांशीही तिचे वाकडे आहे. ट्रॅमाडॉलने बद्धकोष्ठ होतो, भोवळही येते. त्यावर मनाने झोपेची गोळी देणे तर धोक्याचेच. पाणी, भाजी, फळे आणि डॉक्टरांना विचारून इसबगोल ही तजवीज पहिल्या दिवसापासून ठेवावी.

झोपेसाठी दुसरे उपाय आहेत. संध्याकाळी अर्धा तास पाय हृदयापेक्षा उंच, सबंध पायाला आधार देऊन आणि गुडघा सरळ ठेवून पडावे. पातळ कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावावा. कुशीवर झोपताना दोन्ही पायांच्या मध्ये उशी घ्यावी. दुपारची झोप आखूड ठेवावी.

तेल-मालीश आणि गरम शेक यांविषयी स्पष्टच लिहितो, कारण हा आग्रह बहुधा घरातील वडीलधाऱ्यांकडून, अत्यंत मायेने होतो. सुजलेल्या ताज्या सांध्यास शेक दिल्याने सूज वाढते, आणि बधिर त्वचेला भाजल्याचे कळतही नाही. पोटरी चोळणे तर मुळीच नको, कारण तिथे रक्ताची गुठळी झालेली असू शकते. झटका देऊन गुडघा ‘मोकळा’ करणाऱ्यांच्या हाती तो कधीही देऊ नये.

पोटरी दुखू लागून सुजत जाणे, एकाएकी धाप लागणे किंवा छातीत दुखणे, जखमेतून पाणी वा पू येणे, तिच्याभोवती लाली पसरणे, थंडी वाजून ताप येणे, शौचाला काळे होणे, अथवा पडल्यानंतर पाय उचलताच न येणे, यांपैकी काहीही घडले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी थोडे. पाण्याचा पेला, वर्तमानपत्र, चष्मा, सारे हातात देत राहिल्याने रुग्ण उठतच नाही. तासाभराने एकदा वॉकर पुढे करून “चला, देवघरापर्यंत जाऊन येऊ” म्हणावे. काठी विरुद्ध हातात, म्हणजे उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया असेल तर डाव्या हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी. पायपुसणी उचलून ठेवावी, रात्री दिवा असावा, न्हाणीघर कोरडे असावे. सत्तरीची पत्नी पंचाहत्तरीच्या पतीला हाताने ओढून उठवते, आणि मग दोन रुग्ण होतात. त्याऐवजी खुर्ची आणि कमोड उंच करून घ्यावे. रुग्ण चिडला, रडला, “कशाला केले हे” म्हणाला, तर त्याला कृतघ्न ठरवू नये. अनेक रात्री अपुरी झोप झालेले ते माणूस असते. हे उदासपण आठवडेच्या आठवडे उतरेना, तर तेही डॉक्टरांना सांगावे.

एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. साधारणतः पाचांपैकी एक रुग्ण वर्षानंतरही पूर्ण समाधानी नसतो. काहींचे दुखणे कंबरेच्या मणक्यातून किंवा खुब्यातून आलेले असते, काहींच्या सांध्यात जंतुसंसर्ग वा सैलपणा असतो. तेव्हा सहा महिन्यांनंतरही वेदना कमी होत नसेल किंवा कमी होऊन पुन्हा वाढली असेल, तर ‘वयाचे आहे’ म्हणून गप्प बसू नये; कारण शोधून घ्यावे.

आणि दुसरा गुडघा? त्याचा निर्णय सहाव्या आठवड्यात घेऊ नये. त्या वेळी ‘पुन्हा कधीच नाही’ असेच बहुतेक जण म्हणतात. आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल, तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात ऑक्टोबर २००० मध्ये शस्त्रक्रिया झाली, आणि उजव्यावर तेथेच जून २००१ मध्ये. मध्ये आठ महिने गेले. प्रत्येकाचे अंतर निराळे असेल. पण पहिला गुडघा पूर्ण सरळ होतो का, त्यावर जिना चढता येतो का आणि रात्रीची झोप परत आली का, या तीन प्रश्नांची उत्तरे हाती येईपर्यंत दुसऱ्याची तारीख ठरवण्याची घाई करू नये, असे मी माझ्या रुग्णांना सांगतो.